सागवानी सैतानाचा दुसरा मृत्यू

मंडपाच्या मागं ओल्या गवतावर ताडपत्री, ताडपत्रीवर भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर एकावर एक रचलेल्या अख्ख्या कॉलनीच्या गाद्या — डोळे मिटले की सिल्वासातलं माझं बालपण आधी असं ढीग होऊन समोर येतं आणि मग त्याचा वास येतो. कर्णिककाकांच्या गादीला डांबराच्या गोळ्यांचा, महाजनकाकांच्या गादीला लसणाच्या चटणीचा, ज्यांच्याकडे तान्हं बाळ होतं त्यांच्या गादीला बाळाचा, आणि सगळ्यांत मऊ म्हणून सगळ्यांत वर ठेवलेली आमची सावरीच्या कापसाची गादी... आईनं खानवेलच्या बाजारातून कापूस आणून, पिंजाऱ्याला दारात बसवून भरून घेतलेली, उन्हात तापलेल्या रानाचा मंद वास असलेली. भाद्रपदातल्या दमट संध्याकाळी हे सगळे वास एकमेकांत मिसळून जे काही तयार व्हायचं, त्याला सुगंध म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण आजही कुठं बंद खोलीत जुन्या गाद्या रचलेल्या दिसल्या की माझ्या छातीत तिसरी घंटा वाजते आणि पडदा वर जातो.

गाद्या कशासाठी, तर खलनायकाला मरायचं असायचं म्हणून.

आमची कॉलनी सरकारी क्वार्टरांची. कुणी मुंबईहून बदलून आलेलं, कुणी कोकणातून, कुणी पार खानदेशातून. घरात मराठी, बाजारात गुजराती, ऑफिसात हिंदी आणि भांडताना जी पहिली तोंडात येईल ती. माझे बाबा वेंगुर्ल्याचे. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसून वर्षभर टपालावर शिक्के मारायचे, आणि गणपती जवळ आले की त्यांच्या अंगात वारं भरायचं. कोकणी माणसाला दोन गोष्टींवाचून करमत नाही, मासे आणि नाटक. दमणगंगेचे मासे त्यांना अळणी लागत, तेव्हा सारी भूक नाटकावर निघायची. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, विंगेतून वाक्यं पुरवणारेही तेच. स्वतः मात्र ते कधी रंगमंचावर गेले नाहीत. "आपलं काम पडद्यामागचं," म्हणायचे आणि विडीची राख झटकायचे.

त्या वर्षी त्यांनी लिहिलं 'सागवानी सैतान'. खानवेलच्या जंगलातलं सागवान चोरून नेणारा एक महाभयंकर दरोडेखोर, त्याच्या मागावर इन्स्पेक्टर विक्रम, मारामाऱ्या, सुतळी बॉम्ब, आणि शेवटी शिडीवर काळं कापड टाकून केलेल्या कड्यावरून सैतानाचा कडेलोट. इन्स्पेक्टर झाले कर्णिककाका. गोरेपान, केसांचा भांग पट्टीनं आखल्यासारखा, आणि ऑफिसात हेडक्लार्क. सैतान झाले महाजनकाका, जळगावकडचे, काळे, दणकट, आणि त्यांच्याहून एक पायरी खालचे क्लार्क.

हे हुद्दे मी उगीच सांगत नाही. आमच्या कॉलनीच्या नाटकाचा एक अलिखित नियम होता आणि तो कुणालाही चमत्कारिक वाटत नसे: खालच्या ग्रेडच्या माणसानं वरच्या ग्रेडच्या माणसावर स्टेजवरसुद्धा हात उगारायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं असतं हो! त्यामुळे आमच्या नाटकांत कोण कुणाला बडवणार हे कथेवर ठरत नसे, पगाराच्या श्रेणीवर ठरत असे. बाबांना बिचाऱ्यांना पगाराच्या त्या शिडीवर आधी माणसं उभी करावी लागत आणि मग खाली गोष्ट लिहावी लागे.

'सागवानी सैतान'मध्ये हे गणित असं काही जुळलं की विचारू नका. महाजनकाकांना एकही ठोसा मारायची मुभा नव्हती, त्यांनी फक्त खायचे होते. पण काय खायचे ते! कर्णिककाकांची मूठ अजून खांद्यापाशी असायची, तोवर महाजनकाका गिरक्या घेत पार गणपतीच्या आराशीपर्यंत पोचलेले असायचे. नुसती फुंकर मारली तरी कोलांटउडी. नरोलीच्या कारखान्यांतले खानदेशी कामगार टेम्पो भरून आले होते, ते तर आपला गाववाला मार खातोय म्हणून उभं राहून शिट्ट्या मारत होते. आणि कड्यावरून सैतान मागं गाद्यांवर कोसळला तेव्हा मंडपात क्षणभर शांतता पसरली... आणि त्या शांततेत, मंडपवाल्या जयंतीभाईंनी विंगेतला माइक चालूच ठेवल्यामुळे, मेलेल्या सैतानाचा धापा टाकणारा आवाज साऱ्या सिल्वासानं ऐकला: "भाऊ, जमलं का?"

आणि पाठोपाठ बाबांचा दबका, संतापलेला आवाज: "गप्प पडा! मेलेला माणूस बोलत नाही!"

लोक इतके हसले, इतके हसले की आरतीला अर्धा तास उशीर झाला. पुढं कित्येक महिने शाळेत, पाणवठ्यावर, बसस्टँडवर कुणी पाय घसरून पडलं की बघणारा विचारायचा, "भाऊ, जमलं का?" बाबांना आधी राग यायचा, मग ते गालातल्या गालात हसायला लागले. आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसाला लोक त्याच्या नाटकावरून ओळखायला लागले, ही काय लहान गोष्ट आहे?

आता खरी गोम पुढं आहे. त्याच सुमारास वापीहून भाड्यानं व्हिडिओ मिळायला लागला होता. रंगीत टीव्ही, एक काळं खोकं आणि कॅसेटी... मंडळाच्या बैठकीत मोठे साहेब, म्हणजे बाबांच्या ऑफिसचे सर्वांत वरचे अधिकारी आणि मंडळाचे कायमचे अध्यक्ष, म्हणाले, "नाटकाला महिनाभर तालमी, माणसं ऑफिसातून लवकर पळतात. व्हिडिओ लावला की काम झालं." बाबा कधी नव्हे ते उठून उभे राहिले. नाटक बंद करू नका म्हणाले, असं आई सांगायची. शेवटी ठरलं ते असं: यंदा आणखी एक नाटक करा, पडलं, तर पुढल्या वर्षीपासून व्हिडिओ, आणि नाटक हा विषय बंद.

लोकांना हवा होता सैतानच. पण सैतान तर मेलेला! बाबांनी रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि 'सागवानी सैतानाचा सूड' जन्माला आला. कड्यावरून पडलेला सैतान दमणगंगेत वाहत गेला, त्याला मगरीनं गिळलं, पण त्याच्या विडीच्या वासानं बेजार होऊन मगरीनं त्याला पुन्हा काठावर टाकलं. आई शाळेत मराठी शिकवायची. तिनं पोळ्या लाटता लाटता हे ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे कुणाला पटेल का?" बाबा म्हणाले, "पहिल्या भागात पटवायचं असतं. दुसऱ्या भागात फक्त दणका द्यायचा असतो." हे सूत्र पुढं मोठमोठ्या सिनेमावाल्यांनी बाबांकडूनच उचललं असावं, असा मला दाट संशय आहे.

दणके सगळे दुप्पट होते. सुतळी बॉम्बच्या जागी बॉम्बची माळ, सैतानाच्या एका मिशीच्या जागी दोन मिश्या — एक फाटली तर खाली दुसरी — आणि इन्स्पेक्टर विक्रम तर चक्क चिंचेच्या झाडावरून दोरीनं उडत येणार होता. सगळं सिद्ध झालं, आणि श्रावणात ऑर्डर आली: महाजनकाका खात्याची परीक्षा पास होऊन अधीक्षक झाले. कर्णिककाकांचे साहेब!

झालं. म्हणजे ज्यांना कर्णिककाकांनी बदडून कड्यावरून फेकायचं, त्यांच्याच हातात आता कर्णिककाकांचा सी. आर. वर्षाअखेरी साहेब आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल जो गुप्त शेरा लिहितो, तो सी. आर. तो बिघडला की बढती गेली, आणि कर्णिककाकांची बढती तर आधीच हुकलेली. तालमीला ते मूठ वळायचे आणि ती हवेतच विरघळायची. "साहेब, लागणार नाही ना?" महाजनकाका काकुळतीला येऊन म्हणायचे, "मार ना भो! मी का तुझा साहेब आहे इथं? सैतान आहे मी, सैतान!" पण कर्णिककाकांचा हात उठेना. बाबा आम्हां पोरांना पाणी आणायला पिटाळायचे आणि डोकं धरून बसायचे. दुसऱ्याला इन्स्पेक्टर करावं, तर महाजनकाकांहून वरच्या ग्रेडचा कॉलनीत एकच माणूस, मोठे साहेब. त्यांना कोण विचारणार?

मला सगळ्यांत वाईट महाजनकाकांचं वाटायचं. बढती झाल्यापासून त्यांना कुणी पाठीत थाप मारीना, पत्त्यांत हरवीना, की चहाच्या टपरीवर चेष्टा करीना. एकदा आमच्या ओट्यावर बसून ते बाबांना म्हणाले होते, "भाऊ, माणूस साहेब झाला का त्याला कोनी हातच लावत नाही." आणि आपल्याच नव्या बुशशर्टाकडे असे बघत बसले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

प्रयोगाची संध्याकाळ उजाडली — संध्याकाळ कशी उजाडेल, पण माझ्यापुरती उजाडलीच. दिवसभर पाऊस पडून थांबलेला, ताडपत्रीतून ठिबकणारं पाणी, उदबत्ती, ओली सतरंजी, जयंतीभाईंच्या पेट्रोमॅक्सचा रॉकेलचा वास. पुढं मोठे साहेब खुर्चीत, मागं ग्रेडप्रमाणे बाकीच्या खुर्च्या, सतरंजीवर आम्ही पोरं, आणि कडेनं नरोली-सायलीच्या कारखान्यांतले कामगार खच्चून उभे. गणपतीसमोर बाबांनी डोळे मिटून हात जोडले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. काय मागितलं असेल ते सांगायला नको.

मगरीचा प्रवेश बरा गेला. मग बँड वाजला, बॉम्बची माळ फुटली, आणि धुरातून इन्स्पेक्टर विक्रम चिंचेवरून निघाले ते थेट रंगमंचाच्या मधोमध येऊन... अडकले. ना खाली, ना वर. दोरीची गाठ कप्पीत रुतलेली. कर्णिककाका हवेत गोल गोल फिरतायत, एकदा लोकांकडे तोंड, एकदा गणपतीकडे. सैतानाचं वाक्य होतं, "ये विक्रम, आज तुझा शेवट आहे!" महाजनकाकांनी ते म्हटलं, थोडं थांबले, आणि मग न राहवून वर हात करून म्हणाले, "सावकाश, कर्णिक. माझ्या खांद्यावर पाय द्या."

"थँक्यू, साहेब," इन्स्पेक्टर म्हणाले.

मंडप फुटायचाच काय तो बाकी होता. सैतानानं इन्स्पेक्टरला अलगद उतरवून घेतलं, त्याचा शर्ट नीट केला, आणि मग दोघांना आठवलं की आता मारामारी आहे. कर्णिककाका मूठ वळून पुढं आले. मूठ महाजनकाकांच्या गालापाशी आली आणि थबकली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. आणि ते हळूच म्हणाले — पण माइक होताच ना, जयंतीभाई कधी सुधारतायत — "मारू का, साहेब?"

"मार ना भो!"

"पण सी. आर...."

"अरे सायेब, मारवा माटे पण परमिशन?" हे जयंतीभाई स्वतः विंगेतून, मारायलाही परवानगी लागते म्हणून थक्क झालेले.

लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. फक्त एक माणूस हसत नव्हता. विंगेत बाबा हातात वही घेऊन उभे होते आणि कुणीच म्हणत नसलेली वाक्यं एकटेच पुटपुटत होते. मला ते चेहऱ्यावरून कळलं, नाटक हातातून चाललं होतं. सैतान मरेना आणि नाटक संपेना. मोठ्या साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं.

महाजनकाकांनीही ते पाहिलं असावं. कारण ते एकदम पुढं आले, कमरेवर हात ठेवला, आणि आम्हां सतरंजीवरच्या पोरांवर गरजले, "काय रे टिल्ल्यांनो! तुमचा आहे का रे कोनाचा सी. आर.? नाही ना? मग बघत काय बसलात? या की!"

देवाशपथ सांगते, पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. आम्ही सगळी पोरं एकदम उठलो. आम्हांला ना ग्रेड, ना बढती, ना रजेचे अर्ज! रंगमंचावर अशी झुंबड उडाली की महाजनकाका दिसेनासे झाले. कुणी पायाला लोंबकळलं, कुणी दुसऱ्या मिशीला, मी पाठीवर. आणि ते! वर्षभर उपाशी ठेवलेल्या माणसाला पंगतीत बसवावं तसे ते मार खात होते. गिरक्या, कोलांट्या, "मेलो रे, मेलो!" अशा आरोळ्या ठोकत ते कड्याची शिडी चढले, वर पोचून दोन्ही हात पसरले, सगळ्या मंडपाकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि मागं कोसळले. त्यांच्यामागून आम्हीही धडाधड.

फट्ट! आमची गादी फुटली. सावरीचा कापूस, तो हलका, रेशमासारखा कापूस, कड्यामागून ढग होऊन वर उठला आणि सावकाश साऱ्या मंडपावर उतरला. घामेजल्या तोंडांना चिकटला, मोदकांना चिकटला, मोठ्या साहेबांच्या मिशांत जाऊन बसला. बायकांतून आईचा आवाज आला, "अगं बाई, माझी गादी!"

मी कापसानं माखलेली बाबांपाशी गेले. ते सामानाच्या पेटीवर बसले होते. "पडलं ना गं नाटक?" त्यांनी विचारलं. मागून आई आली, तिनं त्यांच्या केसांतला कापूस काढला आणि म्हणाली, "पडलं असतं तर लोक घरी गेले असते. बाहेर बघा जरा." बाहेर कुणी हललं नव्हतं. नरोलीची माणसं टेम्पोचा हॉर्न वाजत असतानाही उभीच होती, डोळे पुसत.

म्हणून कुणी मला विचारलं, की बाई गं, दुसरा भाग जमतो का, तर मी काय सांगू? कथेचा पत्ता नव्हता, मगर कुणाला पटली नाही, नायकानं शेवटपर्यंत एक ठोसा मारला नाही. नाटक म्हणून पाहाल तर सपशेल बोजवारा. पण तसं हसलेलं सिल्वासा मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आणि तरीही व्हिडिओच आला. मोठे साहेब बैठकीत म्हणाले, एका जबाबदार अधिकाऱ्याला पोरांकडून सर्वांसमक्ष मारहाण होते, हे शोभतं का? ज्याला मारहाण झाली तो अधिकारी उठून म्हणाला, "मला तर लई मजा आली, साहेब," पण त्याचं कोण ऐकतो. मला मोठ्या साहेबांचा असा काही राग आला होता की मी त्यांच्या फाटकावरून जाताना वर्षभर जीभ काढून दाखवली. पुढच्या गणपतीत त्या काळ्या खोक्यासमोर सगळे ग्रेडप्रमाणे बसले. पडद्यावरच्या हिरोनं मूठ उगारली आणि मागच्या अंधारातून कुणीतरी ओरडलं, "मारू का, साहेब?" सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यानंतर त्यांनी नाटक लिहिलं नाही.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी महाजनकाका लंगडत आमच्या ओट्यावर आले होते, ते अजून डोळ्यांपुढं आहे. "भाऊ, तिसरा भाग लिहा." बाबा म्हणाले, "आणि तुम्हांला मारणार कोण?" "तुम्ही मारा ना! सगळ्यांला मारायला लावता, सोता कधी हात उचलत नाही." बाबांनी मान हलवली. "मी आवक-जावकवाला, साहेब. माझ्यापुढं सगळेच वरच्या ग्रेडचे."

बदल्या झाल्या, माणसं पांगली. निवृत्तीनंतर आई-बाबा पालघरला आले, सोबत ती गादी. आईनं पुन्हा भरून, जाड दोऱ्यानं टाके घालून ठेवलेली. क्वार्टरं पाडून आता तिथं उंच इमारती झाल्यात म्हणे. मी गेले नाही बघायला. बाबांना आजारपणानं पार वाळवलं, जीभ जड झाली, दिवसचे दिवस ते त्याच गादीवर पडून पंख्याकडे बघत. आणि एका दुपारी दारात महाजनकाका. केस पांढरेशुभ्र, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. जळगावहून एकटे आले होते. त्या भेटीनंतर बाबा फार दिवस राहिले नाहीत.

महाजनकाका पलंगापाशी उभे राहिले. मग वाकून गादीचे टाके चाचपले. "तीच का ही?" बाबांनी मान हलवली. "मग भाऊ, तिसरा भाग राह्यला ना आपला."

बाबांचे डोळे लकाकले. कष्टानं ते कोपरावर उठून बसले. उशीवरचा हात उचलला, मूठ वळली. वळायलाच केवढा वेळ लागला. आणि जडावलेल्या जिभेनं, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "मारू... का, साहेब?"

"मार ना भो!"

ती मूठ महाजनकाकांच्या गालाला नुसती टेकली. आणि महाजनकाका उडाले. दोन्ही हात पसरून, अर्धी गिरकी घेऊन, बाबांच्या शेजारी त्या गादीवर धाडकन उताणे पडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, "अहो, गुडघे!" पण ते हलेनात. बाबाही मागं कलंडले. पंख्याखाली दोघं म्हातारे शेजारी शेजारी, आणि टाके उसवलेल्या फटीतून निघालेला कापूस हळूहळू वर चाललेला. बाबा हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली.

"जमलं का?" बाबांनी विचारलं.

महाजनकाकांनी डोळे उघडले नाहीत. पापण्यांखालून पाणी मात्र कानापर्यंत आलं होतं.

"गप्प पडा, भाऊ," ते म्हणाले. "मेलेला माणूस बोलत नाही."